माशाआधीचं वाटण

परवा माझ्या मुलानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आई, बघ, जायचं का रविवारी?" चकचकीत जाहिरात होती. निळं पाणी, पांढरी बोट, केशरी जाकिटं घातलेली हसरी माणसं, प्रत्येकाच्या हातात लांबलचक काठी, आणि खाली लिहिलेलं : गळ टाकून मासे धरायची समुद्रसफर, छोट्याशा शांत बेटावर दिवसभर विसावा, जेवण आमचं. मी त्यातल्या 'शांत' शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "एवढा शब्द तेवढा काढून टाकायला सांग त्यांना." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी खुसपट काढतेय. काढते मी खुसपटं, नाही म्हणत नाही, वयच आहे ते. पण हे खुसपट नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सरचं भांडं घासत बसले. ते आधीच घासलेलं होतं.

तेव्हा आम्ही मोहोपाड्याला, कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीच्या कोपऱ्यात पाटा-वरवंटा आणि पाण्याचा पिंप. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, बॉयलरवर कामाला होते. कारखाना रात्रंदिवस घुमत असायचा. कुणी पाहुणा पहिल्यांदा आला की जेवता जेवता विचारायचा, "हे घूं घूं काय वाजतंय हो?" आणि आम्ही एकमेकांकडं बघायचो, कुठं काय वाजतंय? आम्हाला तो आवाज कळायचा तो बंद पडल्यावरच. तो थांबला की कॉलनीतल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, गेटवरच्या खांबाला लावलेली कापडी नळी कुठल्या बाजूला फुगलीय ते बघायच्या, म्हणजे वारा कुठं चाललाय ते कळायचं. गॅसचा वास आला तर वाऱ्याला आडवं पळायचं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आई मोरीतल्या बादलीत माणशी एक टॉवेल कायम भिजत ठेवायची, नाकावर धरायला. त्यामुळं शांतता झाली की काहीतरी बिघडलं, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. आजही दुपारी लाईट जाऊन पंखा बंद पडला की मी आधी दारात जाते.

लोक आईला भित्री म्हणायचे. बॉयलरवरच्या माणसाबरोबर संसार करणारी बाई भित्री कशी असेल? त्या कारखान्याची भीती तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी गिळून टाकली होती. तिला गिळता येत नव्हता तो दर्या. ती म्हणायची, "कारखान्यात काय झालं तर भोंगा तरी वाजतो. दर्याला भोंगा हाय का?" आणि तिच्या दुर्दैवानं आप्पांना दर्याचं वेड लागलं होतं. ते वेड लावलं इस्माईलचाचानं. कुंभिवलीला हायवेवर त्याचं टायरचं दुकान होतं. आप्पा आणि तो शाळेपासूनचे दोस्त. चाचाचा आजा कधीकाळी किनाऱ्यावर गलबतावर होता म्हणे. चाचा स्वतः जन्मला वाढला खालापूरच्या बाजारात, आणि सगळं आयुष्य ट्रकांच्या धुरात पंक्चर काढण्यात गेलं, पण बोलायला लागला की आप्पांना म्हणायचा, "किसन, आमच्या रगतात दर्या हाय रं!" या दर्यावर्दी माणसाला पोहता येत नव्हतं. होडीत बसताना तो ट्रकची फुगवलेली ट्यूब कमरेला घालून बसायचा आणि आप्पा त्याला "काय कप्तान" म्हणून छळायचे. थंडी सुरू झाली की महिन्यातून एखाद्या रविवारी दोघं चाचाच्या टेंपोतून पहाटे निघायचे, किनाऱ्यावरच्या दामू नाखव्याच्या होडीतून एका बेटावर जायचे, दिवसभर गळ टाकायचे आणि संध्याकाळी मासे घेऊन यायचे. त्या बेटाला नावसुद्धा नव्हतं. नाखवा नुसतं 'बेट' म्हणायचा.

आता आईचा कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मासे घरात आल्याशिवाय आमच्याकडं वाटण वाटायचं नाही. नारळ खवून ठेवायचा नाही, मिरच्या भिजत घालायच्या नाहीत, लसूण सोलायचा नाही. शेजारच्या मालतीकाकू समजावायच्या, "अगं, वाटून ठेव की आधी, माणूस भुकेला येतो." आई म्हणायची, "भुकेला आला तरी चालंल, येऊ तर दे." एकदा मीच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी वाटलं म्हंजे आपण धरून चाललो का तो येणारच. तसं धरून चालू नाय गं कुणाला." अशा रविवारी संध्याकाळी घरात एक विचित्र हालचाल असायची. आई झाडलेलं घर पुन्हा झाडायची, तांदूळ निवडून झालेले पुन्हा निवडायची, आणि कान सगळे रस्त्याकडं. कोपऱ्यावर टेंपोचा हॉर्न वाजला, आप्पा पिशवी घेऊन दारात उभे राहिले, की ती एक अक्षर न बोलता पाट्यावर जाऊन बसायची. मग खोबरं, लाल मिरची, धणे, लसूण आणि वरवंट्याची ती घरघर. माझ्यासाठी आप्पा जिवंत परत आल्याचा आवाज तोच होता. त्या आवाजावर मी अभ्यासाचं पुस्तक मिटायची आणि खरंच भूक लागायची.

मी सांगतेय त्याच्या मागच्या खेपेला आप्पांना फार उशीर झाला होता. मासे मिळत होते म्हणून बसून राहिले आणि दिवेलागण उलटून गेल्यावर आले. आई भांडली नाही. पुढच्या खेपेचं ठरलं तेव्हा एवढंच म्हणाली, "जायचं तर पोरीला संगती न्या."

"तिला कशाला? उन्हात करपंल ती."

"करपू दे. एकटा असला का बापय येडा होतो. पोर संगती असली का घड्याळ बघतो."

आप्पांना नाही म्हणता येईना, कारण मला पोहायला त्यांनीच पाताळगंगेत शिकवलं होतं आणि गावभर सांगितलं होतं की माझी सुनी माशासारखी पोहते. अशी मी निघाले. सातवीत होते. पहाटे आईनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, पाण्याचा कॅन दिला आणि कानाशी लागून बजावलं, "दुपारचं ऊन कललं का रडायला लागायचं. घरी चला म्हणून भोकाड पसरायचं. मासे गावत असले तरी. आयकलंस ना?" म्हणजे मला पाठवलं होतं ते रडायच्या कामावर. टेंपो वळला तेव्हा मी मागं बघितलं. आई पडवीत उभी होती आणि तिचा हात पाट्यावर उभ्या करून ठेवलेल्या वरवंट्यावर होता.

किनाऱ्यावर पोचलो तर दामू नाखव्याकडं पुतणीची हळद. अंगणात मांडव, बायका नटलेल्या, नाखवा स्वतः नवा सदरा घालून पाहुण्यांच्या मागं. एरवी तोच आम्हाला, म्हणजे या दोघांना, घेऊन जायचा, दिवसभर होडीत बसून विड्या ओढायचा आणि घेऊन यायचा. त्या दिवशी म्हणाला, "आज नाय, पुढच्या रविवारी या." दोघांची तोंडं उतरली. इतक्या लांबून आलेलो, आमिषाला कोळंबी घेतलेली. शेवटी नाखवा चाचाला म्हणाला, "वाट ठाव हाय तुला. मशीन चालवतोस. पानी भरून उतराया लागलं का निघा, वाऱ्याची वाट बघू नको." आणखी पुष्कळ सांगितलं त्यानं. कुठला खडक टाळायचा, कुठल्या बाजूला बसायचं, मशीन बंद पडलं तर काय. होडी कशी बांधायची ते नाही सांगितलं. आता त्याला दोष देता येत नाही. चुलीत हात घालू नको, असं आपण तरी आलेल्या पाहुण्याला कुठं सांगतो?

होडीत मी आप्पांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये बसले होते. चाचा ट्यूब घालून मशीनपाशी. किनाऱ्यावरचे माड बारीक होत होत शेवाळाची रेघ झाले तेव्हा मी वळून पुढं काठ शोधला. नदीला पलीकडचा काठ असतो. इथं तो नव्हता, आणि हे काय दोघा मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही का, असं मला सारखं वाटत होतं. मग बेट आलं. खरं सांगायचं तर सुंदर होतं. काळे सपाट खडक, त्यांच्यामध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू, आणि वर उंचवट्यावर वाऱ्यानं वाकलेली दोन उंडीची झाडं. त्यांच्या बुंध्याशी कोळ्यांनी वाहिलेले नारळ वाळून पडलेले. ओहोटीचं पाणी पार खाली गेलं होतं. चाचानं मशीन बंद केलं आणि ती शांतता आली. माणूस नाही, गाडी नाही, भोंगा नाही, घूं घूं नाही. खडकाला पाणी लागत होतं तेही अगदी हळू. आप्पांनी मोठा श्वास घेतला. "आहाहा! कान धुतल्यावानी वाटतं बघ!" आणि मी वेड्यासारखी खांबावरची कापडी नळी शोधत होते. काहीतरी बिघडलंय, काहीतरी बंद पडलंय, हे माझं अंग मला सांगत होतं. मी आप्पांचा सदरा धरला तो सोडेना. ते हसले, "अगं, काय बी नाय. हितं काय बी नाय म्हणूनच तर येतो आमी."

होडी आप्पांनी बांधली. ते पाताळगंगेच्या काठचे. लहानपणापासून गावच्या होडक्यात वाढलेले. आमच्या नदीला वरून पॉवरहाऊसचं पाणी सुटलं की ती हातभर चढते आणि ओढ अशी घेते की ढिल्या दोरीवरचं होडकं खडकावर आपटून फुटलंच. म्हणून तिथं नियम एकच, दोरी आखूड आणि गाठ पक्की. खडकाचं एक शिंग पाण्यालगत वर आलं होतं. आप्पांनी नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, दोरी त्याला दोन वेढे देऊन अगदी जवळ आवळली, निरगाठीवर निरगाठ मारली, पाय लावून ओढून बघितली. "आता बापजल्मात हालायची नाय." चाचा म्हणाला, "शाबास!" एकानं नदी बघितलेली, दुसऱ्यानं दर्याच्या गोष्टी ऐकलेल्या. हातभर चढणारं पाणी दोघांना ठाऊक होतं. पुरुषभर चढणारं पाणी ते प्रत्येक खेपेला बघत आले होते, पण होडी त्या वेळी नाखव्याकडं असायची.

मासे बेटाच्या पलीकडच्या अंगाला. उंचवटा ओलांडून आम्ही तिकडं गेलो. दगड बांधलेली दोरी आप्पा डोक्यावर गरगर फिरवून सोडायचे आणि मग बोटावर दोरी धरून बसायचे, डोळे मिटून, जणू दोरीतून कुणी काही सांगतंय. पहिला गोबरा लागला तेव्हा दोघं पोरांसारखे ओरडले. मग दोन शिंगाळ्या, त्यांचे काटे चाचानं पक्कडीनं मोडले. मासे एका दोरीत ओवून खडकातल्या डबक्यात सोडले. मीही थोडी विसरले. गळाला कोळंबी लावून दिली, भाकरी खाल्ली. पाणी चढताना दिसत होतं, पण ते इतकं हळू, सभ्यपणानं चढत होतं की आम्ही बसायचा खडक बदलायचो आणि पुन्हा गप्पा मारायचो. मग चाचाला तहान लागली. पाण्याचा कॅन होडीत राहिलेला. आप्पा म्हणाले, "सुने, जा गं, कॅन आण. पळ."

मी उंचवट्यावर आले आणि खाली बघितलं. आम्ही उतरलो होतो ती वाळू नव्हती. ते खडकाचं शिंगही नव्हतं. होडीचं पुढचं तोंड पाण्यात गेलं होतं आणि मागचा भाग वर आला होता. गाय पाणी प्यायला मान खाली घालते, तशी ती होडी मान घालून उभी होती, आणि पाणी तिच्या काठावरून आत जात होतं. आवाज न करता. कॅन आत तरंगत होता. मला काय दिसतंय ते कळलं, पण ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. मी हात हलवत राहिले. त्या दोघांना वाटलं, मी खेळतेय, त्यांनीही हात हलवला. शेवटी जो आवाज निघाला तो माझा नव्हताच, कुणा कोंबडीचा असावा. आप्पा उठले.

ते धावत आले आणि सदऱ्यासकट पाण्यात शिरले. गाठ पाण्याखाली होती आणि दोरी ताठ झालेली. निरगाठीवर निरगाठ, ती ओली झाल्यावर कुणाच्या बापाला सुटते? आप्पांनी बुडी मारली, वर आले, श्वास घेतला, पुन्हा बुडी. "सुरी! सुरी आणा!" सुरी आमिषाच्या पिशवीत, पिशवी बेटाच्या पलीकडं. मी धावले. पायाला शिंपले लागत होते ते नंतर कळलं. सुरी घेऊन परत आले तर आप्पा पाण्यावर नव्हते. चाचा गुडघाभर पाण्यात, कमरेला ट्यूब, आणि "किसन! किसन रं!" एवढंच म्हणत उभा. पाणी सपाट होतं. होडी डुलत होती. मी तोवर भीती खूप बघितली होती. गॅसच्या वासाची, रात्रीच्या भोंग्याची. पण ती भीती पळायला लावते. ही पायच काढून घेते. माझ्या आयुष्यात तेवढा लांब वेळ पुन्हा आला नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

मग आप्पांचं डोकं वर आलं. ओठ निळे, डोळे तांबडे. मी पाण्यात उतरले. चाचानं मागून माझी वेणी धरली, खरंच सांगते, वेणी, आणि मी छातीभर पाण्यात जाऊन सुरी त्यांच्या हातात दिली. ते खाली गेले. दोरी तुटली. होडीचं तोंड फसकन वर आलं, पण आत काठोकाठ पाणी, मशीन बुडालेलं. ती वळली आणि भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्याच्या दिशेनं निघाली. आप्पा तिच्यामागं चार हात मारून गेले. मी ओरडले, "आप्पा, नको!" ते थांबले. होडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा होडीकडं. आणि फिरून माझ्याकडं आले. होडी जात राहिली, लहान होत होत गेली, आणि आम्ही तिघं ओलेचिंब उभे राहून तिला बघत राहिलो.

त्यानंतरचं सगळं वरच्या त्या उंडीच्या झाडांखाली. पाणी चढत होतं. पांढरी वाळू गेली, काळे खडक गेले, डबकं गेलं आणि दोरीत ओवलेले आमचे मासेही गेले. पुनवेचं उधाण अजून पुरतं उतरलेलं नव्हतं. बेट आमच्या पडवीएवढं उरलं. आप्पा झाडाच्या बुंध्याला हात लावून खूण शोधत होते, पाणी आजवर कुठपर्यंत आलं असेल. "घाबरू नको हां सुने," म्हणायचे, आणि त्यांचे दात वाजत असायचे. चाचाचे ओठ हलत होते, तो देवाचं नाव घेत होता. त्यानं कमरेची ट्यूब काढली, माझ्या डोक्यातून घातली आणि काखेखाली नीट बसवली. मग ते दोघं थोडे पलीकडं जाऊन बोलले. त्यांना वाटलं मला ऐकू जात नाही. त्या शांततेत सगळं ऐकू येत होतं. आप्पा म्हणाले, "तिला ट्यूब हाय. आपलं काय व्हायचं ते होईल."

त्या वाक्याची भीती मला अजून वाटते. मरायची नाही हो. ट्यूब एक आणि माणसं तीन, हे गणित सातवीतल्या पोरीला येतं. मला दिसलं, की मी एकटी तरंगत किनाऱ्याला लागलेय, एकटी घरी गेलेय, आणि आई दारात उभी राहून माझ्या मागं बघतेय, आणखी कोण येतंय का. मला तिनं कशासाठी पाठवलं होतं? आप्पांना वेळेवर आणायला. ऊन कलत आलं होतं. रडायचं काम ठरलेलं होतं, पण मला रडू येईना. मी ट्यूबमध्ये दोन्ही हात घालून बसले आणि आप्पांच्या सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. झाडांच्या मुळाशी पहिलं पाणी आलं, वाळक्या नारळातला एक हलला, डुलला आणि निघून गेला. आप्पांनी मला उचलून फांदीच्या बेचक्यात बसवलं.

आणि मग घूं घूं ऐकू आलं. मला वाटलं, कारखाना. इतक्या लांबून? मी ते कुणाला सांगितलंच नाही, आपलं डोकं फिरलं असं वाटून. चाचा उठून उभा राहिला. "मशीन हाय! किसन, मशीन!" दामू नाखवा आला होता, दुसऱ्याच्या होडीतून, अंगात नवा सदरा आणि दोन्ही गालांना हळद तशीच. आम्ही जी हातची घालवली म्हणून आप्पा कपाळ बडवत होते, ती होडीच भरतीबरोबर जाऊन किनाऱ्याला लागली होती. मांडवातल्या बायकांनी ती बघितली, पाण्यानं भरलेली, रिकामी, आणि नाखवा पंगतीतून उठला. आम्हाला तिघांना मोजून घेतल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "बांधली कशी हुती?" आप्पांनी दोन्ही हात समोर धरून दोरीची लांबी दाखवली. नाखवा त्या हातांकडं बघतच राहिला. "येवढीशी? आरं, पानी वर आल्यावं ती कुठं जाईल?" मग स्वतःच्याच डोक्यात मारून घेतलं. "मीच सांगाया पायजे हुतं. पन असं सांगावं लागतं, हे सपनात नाय आलं रं माझ्या."

किनाऱ्यावर चहा पाजला, कोरडे कपडे देऊ केले. आप्पांना कशाचीच शुद्ध नव्हती, त्यांना फक्त घर पाहिजे होतं. नाखव्याची बायको दिसली नाही. कुठंशी गेलीय म्हणाले. ती फोन करायला शेजारच्या गावात गेली होती, पण हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, नाखव्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही टेंपोत बसलो. चाचा गाडी अशी हळू चालवत होता की सायकली पुढं जात होत्या. आप्पा म्हणाले, "घरी काय बोलायचं नाय. सुने, आयकलंस? मासं गावलं नाय, येवढंच."

"आणि कपडे?" मी म्हटलं.

"लाट आली म्हणू."

चाचा म्हणाला, "मी वैनीला तोंड नाय दाखवू शकत, किसन. कोपऱ्यावर सोडतो तुमाला." आणि त्यानं खरंच कोपऱ्यावर सोडलं. हॉर्न वाजवला नाही. त्याचं धाडस झालं नसावं.

दिवेलागण व्हायची होती. कारखाना घुमत होता, आणि त्या दिवशी तो मला पाहुण्यासारखा ऐकू आला, आणि इतका बरा वाटला म्हणून सांगू! आप्पांनी माझा हात धरला होता. आमच्या ओळीच्या तोंडाशी आलो आणि आप्पा एकाएकी थांबले. हात इतका दाबला की मी कळवळले. त्या घूं घूंच्या खालून दुसरा आवाज येत होता. घरघर, घरघर, घरघर. पाटा. आमचा पाटा. हॉर्न वाजला नव्हता, मासे आले नव्हते, आम्ही अजून दारात पोचलो नव्हतो, आणि आई वाटण वाटत होती.

"कळलंय तिला," आप्पा म्हणाले. बेटावर न रडलेला माणूस तिथं रस्त्यात रडायला लागला.

पडवीसमोर बायका बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून, गप्प. नाखव्याच्या बायकोचा फोन चाचाच्या टायरच्या दुकानात आला होता. होडी रिकामी आली, माणसं नाहीत, पोरगी पण नाही. दुकानातला माणूस सायकल मारत आमच्या दारात आला तेव्हा दुपार होती. मालतीकाकूंनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. नंतर त्या सांगायच्या, निरोप ऐकून आई रडली नाही, पडली नाही, काही विचारलं नाही. उठली, नारळ फोडला, मिरच्या घेतल्या आणि पाट्यावर बसली. तेव्हापासून वाटत होती. हात धरला तर हिसडा द्यायची. वाटून झालं, तर पाण्याचा हात लावायची आणि पुन्हा वाटायची. एकच वाक्य बोलली म्हणे, "थांबले तर संपलं."

आम्ही तिच्यासमोर उभे राहिलो. तिनं मान वर केली. आधी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं, मग पुन्हा माझ्याकडं, वेणीपासून पायापर्यंत. वरवंटा थांबला. तिचे दोन्ही तळवे फुटले होते, मिरची लागून लाल झाले होते. मी वाट बघत होते, आता ती ओरडेल, मारेल, जवळ घेईल. ती आप्पांना म्हणाली, "मासं?"

"नाय गावलं," आप्पा म्हणाले.

"बरं. हातपाय धुवा."

तिनं वाटण खरवडून घेतलं, पातेलं चुलीवर ठेवलं, तेलात लसूण टाकला, आमसूल टाकलं आणि नेहमीसारखं कालवण केलं. माशाचं कालवण, फक्त मासे नव्हते त्यात. ताटं वाढली. मी पहिला घास घेतला आणि दाताखाली कच लागली. दुपारभर दगडावर दगड घासून पाटाच वाटणात उतरला होता. मी आप्पांकडं बघितलं. त्यांच्या दाताखालीही वाजलं, मला ऐकू आलं. सगळा भात त्यांनी त्या कालवणात कालवला, ताट बोटानं पुसून खाल्लं, आणि वाटी पुन्हा आईपुढं धरली.